तापलेले धान्य

फार पूर्वी शालवती नगरीत महीधर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. राजकोठाराला दहा राखणदार हवे होते आणि दारात आले दोनशे. एकेकाला पारखायचे म्हणजे नाकी नऊ येणार. अमात्यांनी सोपी वाट काढली: वर्षभर गुरुकुलात शिकलेल्यांनाच घ्यावे. पुढच्या खेपेला सगळेच वर्षभर शिकून आले. मग अट तीन वर्षांची झाली, मग सातांची, शेवटी बारांची. तरण्याताठ्या पोरांचे केस पाठशाळेत पिकू लागले. गुरुदक्षिणेसाठी घरोघरचे बैल विकले गेले, माग थांबले, माणसांवाचून पेरण्या राहिल्या. राजाला मात्र आपले राखणदार व्याकरण बोलतात याचे कोण कौतुक!

एके दिवशी वासुला अमात्यांच्या दारी आली. तीस वर्षे तिने कोठार सांभाळले होते. नव्या अटीपायी तिला घरी बसवले होते.

"पूर्वेच्या कोठारातलं धान्य तापलंय, अमात्य. भिंतीला हात लावला तरी कळतं. पण मला आत कुणी सोडत नाही."

राखणदारांनी ग्रंथ उघडून दाखवला: धान्य स्वभावतः शीतल असते. अमात्यांनी दार उघडवले. वासुलाने राशीत कोपरापर्यंत हात खुपसला आणि चटका बसून मागे घेतला. त्या साली पाऊस नव्हता. आतून कुजू लागले की धान्य तापते; हे सारे कुजले तर नगरी उपाशी मरणार होती.

अमात्य तडक सभेत गेले आणि जुन्या माणसांना परत बोलवा म्हणाले.

"अट मोडायची?" राजा संतापला. "मग तिचा मान तो काय राहिला?"

"महाराज, अट माझी. माणसे पारखायचा मी आळस केला. आणि मी स्वतः याच कोठारात कोंडा झाडत वर आलो. गुरुकुलाची पायरी चढलेलो नाही."

राजाने अमात्यांच्या आसनाकडे बोट दाखवले.

"मग अटीप्रमाणे तुमचे आसनही जाते."

"जाऊ द्या. पण वासुलाला आत जाऊ द्या."

त्यांनी राजमुद्रा काढून ठेवली. जुन्या राखणदारांबरोबर सात दिवस ते धान्य उपसून उन्हात पसरत राहिले. निम्मे वाचले, निम्मे फेकावे लागले. कोंड्याने माखलेले अमात्य पाहून राजा शरमला. महिनाभर काम करून दाखवील त्याला काम, असा त्याने हुकूम काढला आणि मुद्रा परत दिली. अमात्यांनी आधी दहाही राखणदार स्वतः पारखले, मगच ते आसनावर बसले.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे पाठांतर नाही म्हणून काल तिघांना विहाराच्या दारातून परत पाठवणारा हा सुदंत. वासुला म्हणजे मागे बसलेली, विहार झाडणारी ही उपासिका. आणि ज्याच्या आळसापायी निम्मे धान्य कुजले, तो अमात्य मीच. आसन जात असतानाही आपली चूक आपल्या तोंडाने सांगणे, हीच सत्य पारमिता, सत्याची परिपूर्णता."