शेंदरी आणि गुलबक्षी

"शेंदरी आणि गुलबक्षी, हे दोन रंग एका वाफ्यात शोभतात का, बुवा? हो की नाही, एवढंच सांगा."

कुंभोजकर सर अंगणातूनच बोलत आले. एक चप्पल काढली होती, दुसरी अजून पायातच होती.

गेनूबुवा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली, सरांना नीट पाहून घेतलं आणि सूप त्यांच्या बाजूला थोडं सरकवलं.

"दुसरीबी काढा," ते म्हणाले. "मग वाईच शेंगा फोडा."

बुवांची मठी म्हणजे टेकडीच्या उतारावरची एक पत्र्याची खोली आणि पुढे ओटा. बुवा बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर गुरूंची ओस पडलेली मठी झाडून यावी म्हणून एक दिवस वर गेले, ते तिथेच राहिले. उपदेश फारसा करत नसत. ओट्यावर गर्दी झाली की मात्र जुनी सवय जागी व्हायची आणि ते "पुढं सरका" म्हणायचे. मी रविवारी तिथे जाऊन बसत असे. काम असं काही नसे.

कुंभोजकर सर हायस्कुलात चित्रकला शिकवतात. ते स्वतःला बुवांचे शिष्य म्हणवतात. बुवा कोणालाच शिष्य म्हणत नाहीत, त्यामुळे वाद होत नाही. सरांना रंगांची नजर आहे, हे साऱ्या गावाला माहीत आहे, कारण सर ते विसरू देत नाहीत. एकदा एका घरी दहाव्याला गेले असताना त्यांनी यजमानांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की फोटोची चौकट भिंतीच्या रंगाशी जुळत नाही. खरंच जुळत नव्हती, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

शेंगा फोडता फोडता सरांनी सगळं सांगितलं.

त्यांच्या घरापुढे बाग आहे. पांढरा, फिकट पिवळा, निळा, एकातून दुसरा रंग असा हलकेच निघतो की पहिला कुठे संपला ते कळू नये. गावच्या घरबाग स्पर्धेत तीन वर्षं पहिला नंबर. या बागेतला पायरीसमोरचा एक छोटा वाफा तेवढा त्यांच्या पत्नीच्या, ज्योत्स्नाबाईंच्या, वाट्याला होता. बाईंनी त्यात पुढे ऑफिसटाइम लावलं होतं. जमिनीलगत पसरणारं हे फूल उन्हाबरोबर उघडतं आणि दुपार कलली की मिटतं, म्हणून त्याचं हे नाव. त्याचा रंग शेंदरी. आणि त्याच्यामागे गुलबक्षी, तिचा रंग तिच्या नावातच आहे.

यंदा परीक्षक आले ते पावणेपाचला. त्यातले एक त्या वाफ्यापाशी थांबले आणि हसून म्हणाले, इथे रंगांची मारामारी चाललीय.

सरांचा दुसरा नंबर आला.

त्या संध्याकाळी बाई कामावर गेल्यावर सरांनी कुदळ घेतली. गुलबक्षीच्या मुळाशी रताळ्यासारखा कंद असतो, तो राहिला तर झाड पुन्हा फुटतं. म्हणून त्यांनी हातभर खोल खणून कंदसुद्धा काढले.

दुसऱ्या दिवशी बाई घरी आल्या तेव्हा सर शाळेत होते. सर घरी आले तेव्हा किल्ली शेजारी होती आणि बाई रजा टाकून कराडला भावाकडे गेल्या होत्या.

याला पाच आठवडे झाले. भांडण नाही, चिठ्ठी नाही. सरांनी फोन केला की बाई "जेवलात का" एवढंच विचारत आणि गप्प होत. मेहुणे म्हणाले, चूक कबूल करा आणि न्यायला या. सर म्हणाले, चूक असेल तर येतो. शेवटी सरांचं आणि मेहुण्यांचं ठरलं की बुवा सांगतील ते मान्य करायचं. ते दोन रंग शोभतात असं बुवा म्हणाले, तर सर आज सव्वापाचच्या गाडीने कराडला जाणार. शोभत नाहीत म्हणाले, तर बाईंनी आपलं आपण यायचं.

"आणि नाही आल्या तर?" मी विचारलं.

सर हातातलं टरफल बोटांनी बारीक करत राहिले. माणूस अडला होता, आणि आपण अडलोय हे त्याला कळतही होतं. मला त्यांची कीव आली.

बुवांनी सूप बाजूला ठेवलं.

"ही दोन फुलं आपल्याकडंबी हायेत," ते म्हणाले. "ती काय, कुंपणाकडंला."

सरांनी तिकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. मठीची बाग कोणी आखलेली नव्हती. जो येई तो काहीतरी खोचून जाई. झेंडूच्या मांडीवर जांभळी सदाफुली, तिच्या खांद्यावर लाल कर्दळ. सरांसारख्याला तिथे उभं राहणं म्हणजे शिक्षाच होती.

"बगू द्या मला," बुवा म्हणाले आणि डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिले. "मास्तर, शेंदरी दिसतोय. दुसरा कुठाय?"

"आत्ता कसा दिसेल? दुपारचा एक वाजलाय. गुलबक्षी चारनंतर उमलते."

"मग आत्ता भांडण न्हाई."

"आत्ता नाही. पण…"

"मग चारपातुर बसू की."

एवढं म्हणून बुवा ओट्यावर आडवे झाले. टॉवेल तोंडावर घेतला आणि दोन मिनिटांत घोरू लागले.

सर माझ्याकडे बघत राहिले. मी तरी काय सांगणार? निकाल हवा असेल तर न्यायाधीश उठेपर्यंत थांबणं आलं.

दुपार टेकडीवर पसरली. वारा पडला. पत्रा मधूनच एकदा तडतडायचा आणि मग कितीतरी वेळ काहीच ऐकू यायचं नाही. खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज वर येईपर्यंत ती कधीच वळणाआड गेली असावी. मधमाश्या शेंदरी फुलांत उतरत होत्या, पुन्हा उठत होत्या, त्यांची गुणगुण जवळ आहे की लांब आहे ते समजेना. माझे डोळे जड झाले. अर्धवट झोपेत मला वाटलं, तो शेंदरी रंग फुलांवरून सुटून जमिनीवर सांडलाय आणि हळूहळू ओट्याकडे येतोय. आता पायाला लागेल म्हणून मी पाय वर घेतले. उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर सगळं जिथल्या तिथे होतं.

सरही भिंतीला टेकून झोपले होते. झोपेत त्यांचा चेहरा मऊ दिसत होता, शाळेतल्या मुलांनी तो कधी पाहिला नसेल. मध्येच ते पुटपुटले.

"पायरीवर नको गं… आत आण…"

पुढे पुन्हा शांत झाले.

मला जाग आली तेव्हा उन्हाचा रंग बदलला होता. बुवा उठून तोंड धूत होते. सर जागे होऊन बसले होते, पण बागेकडे पाठ करून, मठीच्या दाराकडे तोंड करून. मुद्दाम नव्हे. ती त्यांची बसायची सवयच दिसली.

"पुढं सरका," बुवा म्हणाले.

सर सरकले.

"अजून. असं फिरून बसा."

सर फिरून बसले. आता कुंपण त्यांच्या अगदी समोर आलं.

ऑफिसटाइम मिटत चाललं होतं. एकेक फूल पाकळ्या आवरून घेत होतं, पण बरीचशी अजून उघडी होती. त्यांच्यामागे गुलबक्षीच्या कळ्या, ज्या दुपारभर पिळून ठेवलेल्या बोळ्यांसारख्या होत्या, त्या सैल होऊ लागल्या होत्या. उमलताना मात्र एकही दिसली नाही. बघत असलो की काही होत नसे, पापणी लवली की एक फूल वाढलेलं असे. असं करता करता झाड भरलं.

शेंदरीवर गुलबक्षी. दोन्ही एकदम.

"बघा," सर म्हणाले. आवाजात जीव आला होता. "बघा, बुवा. हेच म्हणत होतो मी. डोळ्यांत खुपतं की नाही?"

बुवांनी बघितलं. मान वाकडी करून बघितलं, सरळ करून बघितलं.

"खुपतं," ते म्हणाले.

"शोभत नाहीत ना?"

"अजिबात शोभत न्हाईत."

मला धक्काच बसला. बुवा असं काही बोलतील असं वाटलं नव्हतं. पण रंगांचं म्हणाल तर खोटंही नव्हतं. ते दोन रंग एकमेकांशेजारी खरोखर आरडाओरडा करत होते.

सर उठले. त्यांना हवं ते मिळालं होतं, मात्र चेहऱ्यावर आनंद काही दिसेना. बुवांच्या पाया पडले. मेहुण्यांना रात्री फोन करतो म्हणाले. एक चप्पल पायात घातली.

"मास्तर," बुवा म्हणाले, "हे खुपणं चालतं किती वेळ?"

"म्हणजे?"

"दिवसातनं. किती वेळ खुपतं?"

सरांनी उन्हाचा अंदाज घेतला. "फार तर अर्धा तास. पाच वाजेपर्यंत ऑफिसटाइम मिटतंच."

"आन् तुमी शाळेतनं घरी कवा येता?"

"साडेचारला."

"बाई कामावर कवा जातात?"

"पाचला निघते. मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे, रात्रभर तिथेच असते. सकाळी दहाला येते." सर थांबले. मग बुवांनी विचारलेलं नसतानाही म्हणाले, "तेव्हा मी गेलेलो असतो. नऊलाच."

"ऐतवारी?"

"रविवारी मुली वसतिगृहातच असतात. तिला सुट्टी नसते. आणि मी लोकांच्या बागा आखून द्यायला जातो."

"बरं."

बुवांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

मग सरच बोलू लागले. तक्रारीसारखं बोलू लागले, पण तक्रार मध्येच कुठेतरी विरली. म्हणाले, घरात चांगल्या चार खुर्च्या आहेत, पण ती चहा घेऊन पायरीवर यायची. नेमकी त्या वाफ्यासमोर. मी वाफ्याकडे पाठ करून बसायचो, मला बघवत नसे. सव्वाचारची वडापची जीप अगदी दारावरून जायची, ती सोडून द्यायची आणि मग पाचला तंगड्या तोडत चालत जायची. मी कितीदा म्हटलं, चहा झाकून ठेव आणि जा, मी आलो की गरम करून घेईन. हसायची नुसती. दोन वर्षं झाली वाफा लावून. मी म्हटलंसुद्धा होतं, गुलबक्षीच्या जागी मोगरा लाव, शेवंती लाव, सबंध बागेत तुला ही दोनच कशी…

सर थांबले.

"ही दोनच कशी सापडली," ते हळू आवाजात म्हणाले.

खाली रस्त्यावर लोक सव्वापाचच्या गाडीसाठी येऊन उभे राहू लागले होते. सरांनी पायातली चप्पल काढली, अनवाणीच कुंपणापाशी गेले आणि वाफ्यासमोर उकिडवे बसले. मला वाटलं रडतील. रडले नाहीत, पण एक हात जमिनीवर टेकवून बसले. खूप चाललेला माणूस असाच बसतो.

ऊन कुंपणावरून उतरलं. शेंदरी फुलं एकेक करत मिटली. मिटताना त्यांचा रंग आत जात होता, बाहेर नुसती हिरवी टोकं उरत होती. गुलबक्षी आता पुरी उमलली होती आणि तिचा मंद वास ओट्यापर्यंत येऊ लागला होता.

गुलबक्षीच्या मुळाशी एकच ऑफिसटाइम अजून उघडं राहिलं होतं.

सरांनी त्याच्याजवळ बोट नेलं, पण लावलं नाही.

"बुवा," त्यांनी मागे न बघताच विचारलं, "याच्यावरचं ऊन गेलं. बाकीची सगळी मिटली. हे का थांबलंय?"

बुवांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

"म्होरचा माणूस उमलल्याला बघितल्याबिगर त्यानं मिटावं कसं, मास्तर?"