आक्काच्या कोनाड्यावरचा पडदा

एका गावात एक आक्का राहायची आणि ती गोष्टी लिहायची. नुसत्या लिहायची म्हणजे काय, सगळं गाव तिच्या गोष्टींवर जगायचं म्हणा ना. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी चावडीपुढच्या चिंचेखाली माणसं जमायची, गुरुजी आक्काचे कागद हातात घेऊन उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात वाचायला लागायचे. वरची आळी आणि खालची आळी एरवी पाण्याच्या पाळीवरून एकमेकींची डोकी फोडायला उठायच्या. चिंचेखाली मात्र मांडीला मांडी लावून बसायच्या. आक्काचं घर समोरच होतं. ती आपल्या उंबऱ्यात बसून शेंगा सोलत सोलत ऐकायची.

तिच्या घरी कुणीही जावं, माठातलं पाणी प्यावं, मनात साठलेलं बोलावं आणि हलकं होऊन परत यावं. दार कधी लावलेलं नसायचं. फक्त माजघराच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्याच्यावर जुन्या लुगड्याचा पडदा होता. रोज आंघोळ झाली की आक्का पडदा जरासा बाजूला करून त्याच्यापुढे उभी राहायची, मग पडदा सोडून चुलीकडे वळायची. आत काय होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं कुणाला त्याची पडलीही नव्हती.

मग आक्कानं नावाड्याची गोष्ट लिहिली. नदीला पूर आलाय, नावेत एकीकडे देवाची लाकडी मूर्ती आणि दुसरीकडे शेळीचं आजारी पिल्लू. नाव बुडायला लागते, तेव्हा नावाडी हात जोडून मूर्तीच पाण्यात सोडतो आणि पिल्लाला छातीशी धरतो. पिल्लू वाचतं. सकाळी बघतात तर मूर्तीही काठाला येऊन लागलेली. गुरुजींनी शेवटचा कागद खाली ठेवला तेव्हा सगळं गाव पदरानं नि उपरण्यानं डोळे पुसत होतं.

इथवर सगळं छान होतं. पण गोड खाल्लं की माणसाला हलवायाच्या घरात डोकवावंसं वाटतं. वरच्या आळीतले म्हणाले, "मूर्ती आपोआप काठाला लागली, म्हणजे आक्का आमच्या डोंगरावरच्या देवाची भक्त." खालच्या आळीतले म्हणाले, "कुणी लावली काठाला? नदीनं. म्हणजे आक्का आमच्या नदीकाठच्या देवीची." वैद्यबुवा तर कशालाच मानत नसत. ते म्हणाले, "लाकूड पाण्यावर तरंगतंच. आक्का माझ्यासारखी आहे, बोलून दाखवत नाही एवढंच."

झालं, लोकांनी जुन्या गोष्टी उकरून काढल्या. अमक्या गोष्टीतली म्हातारी उपास करते, म्हणजे आक्का उपास करते. तमक्या गोष्टीत पुजारी लबाड निघतो, म्हणजे आक्काचा देवळावर राग आहे. एकजण म्हणाला, "अहो, तिच्या एका गोष्टीत कोल्हा कोंबडी पळवतो. मागच्या महिन्यात माझी कोंबडी गेली, ती आक्कानंच नेली म्हणायची का मग?" चांगलं बोलला होता बिचारा, पण कुणी हसलं नाही.

या सगळ्यांत पुढे होती सगुणा कासारीण. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती घरोघर हिंडायची. बायकांच्या हातात बांगड्या भरता भरता इकडची बातमी तिकडे आणि तिकडची इकडे करायची. मनानं चांगली होती हो, पण तोंडात तीळ भिजत नव्हता. कुणाकडे पाहुणे आले, कुणाची सून माहेरी गेली, सगुणाला ठाऊक म्हणजे गावाला ठाऊक. आक्काच्या पडद्यामागं काय आहे हे मात्र तिलाही सांगता येईना, आणि हे तिला फार लागलं होतं.

शेवटी पाटील चार माणसं घेऊन आक्काकडे गेले. सगुणाही टोपलीसकट मागं उभी राहिली.

"आक्का," पाटील म्हणाले, "तुमच्या गोष्टी आम्ही जिवापाड जपतो. तर तुम्ही कुठल्या देवाला मानता, की मानतच नाही, एवढं आम्हाला कळायला नको का?"

"का बरं कळायला हवं, पाटील?"

"म्हणजे तुम्ही आमच्यातल्या की नाही, ते ठरलं."

आक्का हसली. म्हणाली, "मी गोष्ट लिहिली की ती तुमची. तिच्यात तुम्ही तुमचा देव बघा, नाहीतर नुसतं लाकूड बघा, मी हात धरायला येणार नाही. पण कोनाडा माझा आहे."

"वाचकांपासून काय लपवायचं, आक्का?"

"लपवत नाही, झाकते. दुधावर आपण झाकण ठेवतो, ते काय दूध चोरीचं असतं म्हणून?"

पाटलांना उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की मोठ्या माणसांना राग येतो. ते म्हणाले, "ठीक आहे. मग तुम्ही सांगेपर्यंत चिंचेखालचं वाचन बंद."

आक्काचा चेहरा उतरला. तिला दुसरं होतं काय? ना मूल ना बाळ. लिहिलेलं माणसांच्या कानावर पडताना उंबऱ्यातून ऐकायचं, एवढंच सुख होतं. पण तिनं मान हलवली आणि "बरं" म्हणाली.

बाजाराचा दिवस आला. चिंचेखाली कुणी बसलं नाही. पुढचा आला, तेव्हाही तेच. वरची आळी वर राहिली, खालची खाली. पोरं विचारायची, "आज गोष्ट नाही?" आणि त्यांच्या आया काहीतरी थातूरमातूर सांगून त्यांना जेवायला बसवायच्या. आक्का उंबऱ्यात बसायची, शेंगा मात्र तशाच सुपात राहायच्या. मग एक दिवस ती उंबऱ्यातही दिसली नाही. तिला ताप भरला होता.

सगुणानं पेज शिजवली. ती निघाली तर पाटलांनी तिला चावडीवरून हाक मारली. "जातेच आहेस, तर एकदा पडदा वर करून बघून ये. आम्ही इथं बसलोय." वैद्यबुवांनी नुकतंच औषध दिलेलं, तेही तिथंच बसले होते. त्यांनीही तिला अडवलं नाही. आता सगुणानं पेज कशासाठी नेली, आक्काच्या काळजीनं की कोनाड्याच्या ओढीनं, हे मला विचारू नका. दोन्ही होतं. माणसाच्या मनात एका वेळी दोन चुली पेटलेल्या असतात.

आक्का पांघरूण घेऊन झोपली होती. माजघरात सामसूम होती. सगुणानं पेजेचं भांडं खाली ठेवलं, एकदा आक्काकडे बघितलं, आणि दोन बोटांनी पडदा उचलला.

तिनं बघितलं. बघतच राहिली.

मागं वळली तर आक्काचे डोळे उघडे होते. आक्का रागावली नाही. तिनं फक्त पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं, आंघोळ करताना कुणी दार ढकलल्यावर बाई अंग चोरते तसं. ते बघून सगुणाला भडभडून आलं.

"पाहिलंस?" आक्कानं विचारलं.

"पाहिलं."

"बरं. पडदा नीट सोड, धूळ बसते."

सगुणानं पडदा नीट केला. आक्काच्या उशाशी बसून तिला चमच्यानं पेज भरवायला लागली. चार घास गेल्यावर तिला राहवेना. "आक्का, 'कुणाला सांगू नको' असं म्हणत नाही तुम्ही मला?"

आक्का म्हणाली, "तू मला वडाचं सांगितलंस, तेव्हा तू म्हणाली होतीस?"

सगुणाचा हात तिथंच थांबला.

वडाचं म्हणजे काय, तर सगुणा वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळायची, पण 'जन्मोजन्मी हाच नवरा दे' असं तिनं कधी मागितलं नव्हतं. नवरा, धोंडिबा, देवमाणूस होता. पण ती म्हणायची, "पुढच्या जन्मी मला चिमणी कर. कुणाचा स्वयंपाक नको, कुणाची वाट बघणं नको." एका दुपारी आक्काकडे बसून तिनं हे बोलून टाकलं होतं आणि घरी आल्यावर घाबरून गेली होती. धोंडिबाला कळलं तर त्याचं काळीज फाटेल. ती पुढची प्रत्येक गोष्ट जीव मुठीत धरून ऐकायची. एका गोष्टीत वड आला तेव्हा तर तिला घाम फुटला. पण त्या वडावर नुसती पाखरं होती, आणि एकही बाई नव्हती. इतक्या वर्षांत आक्काच्या लेखणीतून सगुणाचं गुपित एका अक्षरानंही बाहेर पडलं नव्हतं.

"नव्हते म्हणाले," सगुणा हळूच म्हणाली. तिनं डोळे पुसले आणि उरलेली पेज भरवली.

बाहेर चिंचेखाली आता अख्खं गाव जमलं होतं. पाटील उठून उभे राहिले.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग? काय आहे?"

सगुणाच्या आयुष्यात असा क्षण पुन्हा येणार नव्हता. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं. ती म्हणाली, "कोनाडा आहे. पडदा आहे. पडदा धुवायला झालाय."

"सगुणा, थट्टा पुरे. नाही सांगितलंस तर वरच्या आळीत तुझ्याकडून कुणी बांगड्या भरणार नाही."

"नका भरू," सगुणा म्हणाली. "पाटील, मी घराघरात जाते. कुणाच्या माजघरात काय आहे, कोण देवापुढं काय मागतं, आणि कोण चारचौघांत एक मानतं नि एकटं असताना दुसरं, मला सगळं दिसतं. आजवर मी फालतू बातम्या वाटल्या, ते चुकलंच माझं. पण ही मोठी मोठी गुपितं कधी सांगितली का? आज आक्काचं सांगितलं, तर उद्या तुमचं सांगायला कितीसा वेळ लागतो?"

जो तो खाली बघत होता, आणि जो तो मनानं आपापल्या घरच्या कोनाड्यापुढं जाऊन उभा होता. पाटलांची नजर कुठं वळली आणि वैद्यबुवांचा हात नकळत कुठं गेला, ते मी बघितलं असतं तरी सांगितलं नसतं.

शेवटी पाटील खाकरले. म्हणाले, "गुरुजी, आक्कांच्या राहिलेल्या गोष्टी कुठं आहेत? वाचा की. नुसतं उभं काय राहायचं."

गुरुजी कागद घेऊन आले. वाचायला लागले ते आक्काच्या घराकडे तोंड करून, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात. माजघरात अंथरुणावर पडल्या पडल्या आक्कानं पहिलं वाक्य ऐकलं, आणि तोंडावर पदर घेऊन ती रडली. पंधरवड्यात ती पुन्हा उंबऱ्यात शेंगा सोलायला बसली.

आता म्हणाल, दुसऱ्याचं गुपित सांगायचं नाही, तर सगुणाचं वडाचं तू आम्हाला कसं सांगितलंस? बरोबर पकडलंत. पण ते पुढं तिनंच आपल्या तोंडानं धोंडिबाला सांगितलं आणि मग सगळ्या गावाला हसत हसत सांगत सुटली. ज्याचं त्यानं सांगितलं की ती चहाडी होत नाही. धोंडिबानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चिमणी हो. पण घरटं आपल्याच वळचणीला बांध."

पुष्कळ वर्षांनी आक्का गेली, तेव्हा दोन्ही आळ्या रडल्या. सगुणानं सगळ्यांना माजघराबाहेर थांबायला सांगितलं. कोनाड्यात जे होतं ते तिनं त्याच पडद्यात गुंडाळलं, नदीवर नेलं आणि पाण्यात सोडून आली. वाटेत वैद्यबुवा भेटले. म्हातारे झाले होते, पण खोड जाते थोडीच? "सगुणा, तरंगलं की बुडालं, एवढं तरी सांग."

सगुणा म्हणाली, "पाणी छान वाहत होतं, बुवा."

बघा, तुमचीही मान लांब झाली ना? काय होतं कोनाड्यात? मला ठाऊक नाही. ज्या बाईच्या तोंडात कधी तीळ भिजला नव्हता, तिनं हे शेवटपर्यंत भिजवलं, आणि आक्काच्या गोष्टी त्या गावात अजून वाचतात. वरच्या आळीला त्यांत आपला देव दिसतो, खालच्या आळीला आपली देवी, आणि ज्याला काही दिसत नाही त्याचेही डोळे भरून येतातच.

तात्पर्य: लिहिणारा आपल्याला गोष्ट देतो, कोनाडा देत नाही. गोष्ट पोटभर घ्यावी आणि पडदा असेल तसा राहू द्यावा. आपलाही एक पडदा कुणीतरी असाच जपलेला असतो.