ओरखडाही न आलेली नौका

एका खाडीकाठच्या राज्यात एकदा एक अवाढव्य युद्धनौका बांधली गेली. तीन डोलकाठ्या, दोन्ही अंगांना तोफा. ती पाण्यात उतरली त्या दिवशी भल्याभल्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. पुढे तिला शत्रूने पेटवू नये म्हणून किनाऱ्यावर गस्त घालणारी सगळी गलबतं तिच्याभोवती राखणीला उभी केली गेली.

त्याच बंदरात एका वृद्ध नाखव्याकडे एक तरुण नौकानयन शिकत होता. त्याचं गाव किनाऱ्याच्या टोकाला, अगदी उघड्यावर. शत्रू त्या बाजूला दिसल्याची बातमी आली तसे त्याने गुरूचे पाय धरले. दरबारात तुमचा शब्द चालतो, आमच्या गावासाठी दोन गलबतं मागा, म्हणाला.

नाखवा दरबारात गेला आणि गलबतं मागितलीच नाहीत. त्या मोठ्या नौकेलाच शत्रूवर पाठवा, म्हणाला. दरबारी हसले. नाखव्याला भरती-ओहोटी कळेनाशी झाली वाटतं, असं एक जण बोललाही. प्रधान म्हणाला, "बाहेर काढली आणि बुडाली तर?" नाखवा मान खाली घालून परतला.

दुसऱ्या दिवशी गाव जळालं. शिष्याची आई त्यात गेली.

शिष्य गावाहून बंदरात परतला तेव्हा गुरू वाळूत बसून होता.

"दोन गलबतं मागायला तोंड उघडलं नाही तुमचं?"

"मिळाली नसती, पोरा. म्हणून मूळ गाठीलाच हात घातला. बुडण्याच्या भीतीने जी नौका बाहेर पडत नाही, ती आपलं रक्षण करत नाही. आपणच तिचं करत बसतो. दोष तिच्यात नाही. ती पुढे गेली असती तर गलबतंही तिच्यामागून निघाली असती."

"हे तुम्हाला ती बांधतानाच कळलं होतं?"

नाखव्याने खाडीतल्या नौकेकडे पाहिलं.

"कळलं होतं. पण फार देखणी दिसत होती रे."

शिष्याने नमस्कार केला नाही. ही माणसं उशिरा शहाणी होतात आणि त्यालाच अनुभव म्हणतात, असं त्याच्या मनात आलं. समोर खाडीत नौका उन्हात चमकत होती. तिला ओरखडाही आला नव्हता.

तो जळक्या गावाकडे चालू लागला. म्हातारा उठून त्याच्यामागे निघाला. शिष्याने त्याला परत पाठवलं नाही.

विमानवाहू नौका हव्यात की नकोत यावर आज खुशाल वाद घाला. फक्त त्या गमावायची तयारी आहे का आणि त्यांच्या राखणीच्या बोटी कुणाच्या दारातून उचलल्या, तेवढं थोरामोठ्यांनी आधी सांगावं.