शंभर सत्कारांची डिकी

"वूफरचा डबा डिकीभर पाहिजे! आणि डिकीतनं होणारा एकही सत्कार अडता कामा नये!" असं म्हणून सभापती नानासाहेबांनी आपल्या गाडीच्या डिकीवर थाप मारली.

बाळकू कुंभार बघतच राहिला. मातीचं काम सुटल्यापासून तो फायबरचं काम करायचा. मंडळांचे सिंह, बागेतले बगळे, फुटक्या टाक्यांना ठिगळं. पण गाण्याचा डबा?

त्याचं कारण असं, की शेजारच्या गटातल्या सदस्याच्या गाडीत गाणं लागलं की टपरीवरचे चहाचे ग्लास हलायचे. नानासाहेबांच्या गाडीनं बशीसुद्धा हलत नव्हती. एवढ्यावरून माणसाची झोप उडाली! गाणं कोणतं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"साहेब, डबा डिकीभर केला तर नारळ कुठं ठेवणार?" बाळकूनं भीत भीत विचारलं.

"ते मी सांगू? कारागीर तू का मी? अरे, महिन्याला शंभर सत्कार करतो मी ह्या डिकीतनं. शाल, नारळ, शाल, नारळ! आठ दिवसांत काम झालं नाही, तर ही तुझी शेड ग्रामपंचायतीच्या जागेतनं उचलून ओढ्यात टाकतो!"

शेड गेली की बाळकूच्या घरची चूल विझली. आणि काम तर असलं, की शहरातले दोन कारागीर आधीच हात टेकून गेलेले. त्यातल्या एका शहाण्यानं डिकीच्या आत बसून अखंड डबा बनवला. डबा झाला झकास, पण डिकीचं तोंड लहान आणि पोट मोठं. डबा बाहेरच निघेना! शेवटी करवतीनं कापून काढला.

कोपऱ्यात बाळकूची मुलगी हौसा फायबरचं चिकट रेझिन ढवळत होती. ती तिथूनच म्हणाली, "करते की, नानासाहेब. फक्त नारळ आणि शाली हितं उतरवून ठेवा. रोज लागतील तेवढे तुमच्या ड्रायव्हरला, महिपतीकाकांना, न्यायला सांगा. उरतील ते संध्याकाळी परत हितंच आणून टाका."

"बघ हां पोरी!" नानासाहेब म्हणाले आणि दुसऱ्या गाडीत बसून गेले. गाड्यांना काय तोटा होता!

बाळकूनं कपाळावर हात मारला. "हौसे, शेड घालवलीस!"

"बाबा, तुम्ही टेप चिकटवा."

डबा पत्र्याला चिकटू नये म्हणून बाळकूनं डिकीला आतनं कागदी टेप चिकटवली, हौसानं वर चकचकीत कागद लावला, त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट अंथरून रेझिन चोपडलं. एक बाजू वाळली की ती सुटी करून बाहेर. मग दुसरी बाजू. डबा दोन भागांत बाहेर आला आणि बाहेरच जुळवला, तोही तिरका धरून आत जाईल असा. रोज सकाळी ड्रायव्हर महिपती येऊन नारळ न्यायचा, संध्याकाळी आणून टाकायचा.

आठव्या दिवशी नानासाहेब दहा माणसं घेऊन आले. डिकी उघडली. डब्याच्या आणि पत्र्याच्या मधे त्यांनी लग्नाची पत्रिका सरकवून बघितली. जाईना! गाणं लावलं. शेडचे पत्रे थरथरले, एका कार्यकर्त्याची टोपी नाकावर आली, बाहेरची म्हैस दावं तोडून पळाली.

"वा! आता मीही हलवतो टपरीवरचे ग्लास!" नानासाहेब खूश झाले. मग वाकून बघतात तर कोपऱ्यात बादलीएवढी जागा. "हे काय?"

"नारळाची जागा."

"ह्यात पाच तरी मावतील का?"

"पाचच मावतात. पाचच लागतात."

"मी शंभर सत्कार म्हणालो होतो!"

"होय. म्हणून पाच." हौसानं पाच नारळ पुढं ठेवले. प्रत्येकावर रेझिनमधे रंग कालवून आकडा घातलेला. "ह्या आठवड्यात महिपतीकाकांना मी हे पाचच दिले. तुम्ही अठ्ठावीस सत्कार केलेत. एक तरी अडला का?"

"पाच नारळांत अठ्ठावीस? खोटं!"

"तुम्ही ज्याचा सत्कार करता, तो लगेच प्रमुख पाहुण्यांचा सत्कार करतो. पाहुणे तुम्हीच. त्याच्याजवळ दुसरा नारळ कुठला? तुम्ही दिलेलाच! दोन नंबरचा सोमवारी सोसायटीच्या चेअरमनना दिलात, सोमवारीच तो परत हितं आला. मंगळवारी दूध डेअरीत दिलात, मंगळवारी परत हितं. विचारा की काकांना!"

महिपती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "मला वाटलं, साहेबांना म्हाईत असंल."

"अरे, पण कुणी एखादा फोडून खाल्ला तर?"

हौसानं दोन नंबरचा नारळ त्यांच्या कानाशी हलवला. आतनं सुकलेल्या खोबऱ्याचा खडखड आवाज आला. "ह्यातलं पाणी कधीच आटलंय. फोडायचा विचार कुणी केलाच नाही अजून."

नानासाहेबांनी डब्याच्या फुगीर तोंडावरनं हात फिरवला. कडक रेझिनखाली जरीचा काठ दिसत होता. "ही तर माझी शाल!"

"आकार यायला कापड ताणून बसवावं लागतं. दोन घेतल्या. जन्मात पहिल्यांदा काम लागलं बिचाऱ्यांना!"

दहाही माणसं जमिनीकडं बघत उभी. नानासाहेबांचं तोंड लाल झालं, गाल फुगले आणि फस्सकन हसू फुटलं! "आयला! माझं अख्खं राजकारण पोरीनं पाच नारळांत बसवलं! आणा रे शाल! हिचा सत्कार करा!"

हौसा दोन पावलं मागं सरकली. "नको, नानासाहेब. तुम्ही नारळ दिलात की मला तुमचा सत्कार करावा लागणार. त्यापेक्षा शेडच्या जागेचा कागद द्या बाबांना. तेवढा मी परत देणार नाही!"

नानासाहेब पोट धरून हसले. त्याच दुपारी ग्रामपंचायतीत ठराव झाला आणि शिक्क्याचा कागद बाळकूच्या हातात पडला. हार नाही, भाषण नाही, प्रमुख पाहुणे नाहीत.