कड्यावर भाजलेले बोंबील

एका डोंगरी पाड्यावर एकदा एक तरुण तिरंदाज राहत होता. नेम असा की उडत्या पानाचा देठ छेदावा, आणि बढाई अशी की देठ छेदण्याआधीच बातमी पाडाभर पोचावी. पण गंमत पाहा, वर्ष सरत आले तरी त्याला एकही सांबर मिळाले नव्हते.

पाड्याची एक रीत होती. फाल्गुनी पौर्णिमेपर्यंत ज्याच्या बाणाने शिकार घरी आली नाही, त्याने धनुष्य गुरूच्या खुंटीला टांगायचे आणि पुढचे वर्षभर इतरांच्या शिकारीची ओझी वाहायची. पौर्णिमेला आता तीनच दिवस उरले होते. ओझ्याला तो भीत नव्हता. लोकांच्या हसण्याला भीत होता.

शेवटी तो आपल्या गुरूकडे, एका वृद्ध शिकाऱ्याकडे गेला.

“बाबा, माझं चुकतं तरी काय? ओढ्यावर सांबरं पाण्याला येतात, तिथं वरच्या कड्यावर मी दुपारीच जाऊन बसतो. चिमूटभर राख सोडून वारा बघतो. राख वर, डोंगराकडं जाते. म्हणजे माझा वास ओढ्याकडं जातच नाही. तरी दिवस कलला की सांबर येतं, मान वर करतं आणि धूम ठोकतं!”

“राख किती वेळा सोडतोस?”

“एकदा. बसताना.”

म्हातारा मिशीतल्या मिशीत हसला. “उद्या मी येतो.”

दुसऱ्या दिवशी कड्यावर पोचताच गुरूने कमरेच्या फडक्यातून सुके बोंबील काढले, तीन दगड मांडले आणि काटक्या पेटवल्या. शिष्य बघतच राहिला.

“आता तू खाली जा,” गुरू म्हणाला. “सांबर जिथं पाणी पितं, नेमका तिथं बस. मी येईपर्यंत उठू नको.”

शिष्याचा जीव कासावीस झाला. मोजके दिवस उरले असताना त्यातला एक या बोंबलांच्या धुरात घालवायचा! पण गुरूची आज्ञा मोडण्याची छाती नव्हती. तो चडफडत खाली जाऊन बसला.

दुपारभर त्याला कसलाच वास आला नाही. धूर माथ्याकडे चालला होता. मग सूर्य डोंगराआड गेला, पाण्यावर गारवा उतरला, आणि एकाएकी भाजल्या बोंबलाचा असा घमघमाट आला की रागातही त्याच्या तोंडाला पाणी सुटले. त्याने वर पाहिले. धूर उताराला बिलगून थेट त्याच्याकडेच येत होता.

थोड्या वेळाने गुरू खाली आला आणि त्याने एक बोंबील शिष्याच्या हातावर ठेवला.

“ऊन असतं तोवर उतार तापतो आणि हवा डोंगर चढते. ऊन गेलं की उतार निवतो आणि हवा ओढ्याकडं उतरते. तू दुपारच्या हवेला विचारून बसतोस, आणि सांबर येतं संध्याकाळच्या हवेत. आणखी एक ऐक. आपल्या अंगाचा वास आपल्याला येत नाही. तो ज्याला येतो, त्याच्या जागी जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. वर्षभर तू सांबराकडं बघत होतास. आज त्याच्या जागेवरून स्वतःकडं बघितलंस.”

शिष्याने तो बोंबील काट्यासकट खाल्ला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो ओढ्याच्या वरच्या डोहाकडे निघाला. ऊन उतरेपर्यंत तो खाली शेतापाशीच थांबला. मग डोहाच्या खालच्या अंगाला, एका दगडाआड बसला. राख सोडली. थोड्या वेळाने पुन्हा सोडली, आणि पुन्हा. प्रत्येक वेळी ती डोहाकडे न जाता त्याच्या पाठीमागे निघून गेली. अखेर सांबर आले. त्याने मान वर केली, हवा हुंगली, आणि ते निश्चिंतपणे पाण्यावर वाकले. एकच बाण पुरला.

सकाळी सारा पाडा गोळा झाला. “काय नेम आहे!” लोक म्हणू लागले. एरवी या विषयावर तो दुपारपर्यंत बोलला असता. आज मात्र त्याने मांसाचा पहिला वाटा गुरूच्या दारात ठेवला, त्यावर दोन भाजलेले बोंबील ठेवले, आणि तो समाधानाने म्हणाला, “नेम तर वर्षभर हाच होता.”

आपण जवळ जाताच माणसे उठून का जातात, असा प्रश्न कधी पडला तर त्यांना बोल लावण्याआधी क्षणभर त्यांच्या जागी बसून पाहावे.