ज्या गावातून कोणी प्रवास करत नाही

एकदा एक गाव आपल्याच स्टेशनावरून नाहीसं होत चाललं होतं, आणि ही गोष्ट त्या गावाला सर्वांत शेवटी समजली.

स्टेशन म्हणायचं ते केवळ मानाने. एक बुटका फलाट, बसायला बाक, एक कडुनिंब आणि एक तिकीटखिडकी. अशा छोट्या थांब्यावर रेल्वेचा नोकर नसतो. गावातलाच कोणीतरी तिकिटं विकायचा मक्ता घेतो आणि विक्रीवर त्याला कमिशन मिळतं. इथला मक्ता लहानूकडे होता. तिकिटांच्या कमिशनात त्याचा चहासुद्धा सुटत नसे, म्हणून त्याने त्याच खिडकीतून बिड्या, काडेपेट्या आणि बिस्किटांचे पुडे विकायला सुरुवात केली होती. सकाळी शहराकडे जाणारी आणि संध्याकाळी परतणारी पॅसेंजर तिथे थांबे. दोन्ही वेळा फलाट माणसांनी भरलेला असे. खिडकीपाशी मात्र फक्त बिडी ओढणारे.

कारण त्या गावात तिकीट काढायची रीतच नव्हती.

रूळ पडले तेव्हा गावच्या जमिनी त्यांच्याखाली गेल्या होत्या. त्यांचा मोबदला मिळाला होता की नाही, हे कोणी सांगत नसे. जमीन गेली म्हणून गाडी आपली, हे मात्र प्रत्येक मुलाला बोलता येऊ लागल्याबरोबर सांगितलं जाई. गाडीचा शेवटचा डबा हा 'गावचा डबा' होता. तपासनीस त्यात सहसा चढत नसे, आणि सीताफळांच्या दिवसांत त्याच्याकडे भरलेली पाटी न चुकता पोहोचत असे. सोयरीक जुळवताना लोक अभिमानाने सांगत, "आमच्याकडं सुनंला माहेरी जायला खर्च न्हाई." नव्या सुनेने चुकून तिकिटाला पैसे मागितले, तर घरात हशा पिकायचा.

या रीतीचे रखवालदार होते दगडूतात्या. गावातले सर्वांत वयस्कर, आणि म्हणून सर्वांत शहाणे मानले जाणारे. वृषाली नावाच्या मुलीने कॉलेजच्या पहिल्या दिवशी लहानूकडून तिकीट घेतलं, तेव्हा तात्यांनी तिला फलाटावर सगळ्यांदेखत झापलं.

"घरात शिरताना दारावर पैसे देतीस का गं? बापजाद्यांची इज्जत काढलीस!"

तिच्या वडिलांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून वृषालीही शेवटच्या डब्यात बसू लागली. मनातून चरफडत, पण बसू लागली.

गावात नेमाने तिकीट काढणारा माणूस एकच होता: निवृत्त झालेले गुरुजी. पेन्शनच्या कामाला, डोळे दाखवायला ते शहरात जात. तिकीट काढत, खिशात ठेवत आणि ओळखीची माणसं म्हणून गावच्याच डब्यात येऊन बसत. "मास्तर माणूस, नियमाचा किडा," म्हणून लोक हसत. गुरुजीही हसत. वृषाली त्यांची शेवटची शिष्या. शाळा सुटून वर्षं झाली, तरी अडलेलं गणित घेऊन ती त्यांच्या ओसरीवर जाई.

मग एके दिवशी तिकीटखिडकीवर नोटीस चिकटली. थांब्यावर प्रवासी नसल्यामुळे गाडी तिथे थांबवणं बंद करण्याचा विचार आहे. कोणाचं काही म्हणणं असल्यास अधिकारी येऊन ऐकून घेतील.

गाव पेटून उठलं. "प्रवासी न्हाईत? डबा फुटायची पाळी येती रोज!"

सर्वांत जास्त हादरली ती वृषाली. तिची दोन वर्षं झाली होती, तिसरं राहिलं होतं. घरात तिच्या वडिलांनी आधीच सांगून टाकलं होतं, "गाडी हाय तोवर कॉलेज. जीपला लोंबकळत जायचं काम न्हाई." आणि मामाने आणलेलं एक स्थळ दाराशी वाट पाहत होतं. गाडी थांबली नाही, तर ते आत येणार होतं.

गावाने ठरवलं, साहेबांसमोर सगळ्यांनी जमायचं आणि गावातर्फे गुरुजींनी बोलायचं. वृषालीने काय काय बोलायचं ते त्यांना समजावून सांगितलं. मुलींचं शिक्षण, म्हाताऱ्यांचा दवाखाना, भाजीवाल्या बायकांचा बाजार. गुरुजींनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि नुसती मान हलवली.

ठरल्या दिवशी कडुनिंबाखाली सारं गाव उभं राहिलं. अधिकारी तरुण होता, अदबीने बोलणारा. तात्यांनी त्याला हार घातला आणि हात पसरून गर्दी दाखवली.

"मोजा साहेब, मोजा! ही काय झाडं उभी हाईत व्हय?"

"माणसं मला दिसतात, आजोबा," अधिकारी म्हणाला. "पण माझ्या कार्यालयाला दिसतात ती फक्त तिकिटं. इथून महिन्याला मूठभर तिकिटं जातात. एवढ्यासाठी गाडी थांबवा, असं मी वर कोणत्या तोंडाने सांगू?"

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी पुढे आले, चष्मा नीट केला आणि म्हणाले, "साहेब, तुमची माहिती अचूक आहे. ती मूठभर तिकिटं माझी. माझ्याखेरीज या गावातून कोणी प्रवास करत नाही."

मग एकच गलका उठला.

"म्हातारा बिघडला!"

"गुरुजी, अहो, काय बोलताय!"

तात्या तर पुढेच सरसावले. "मास्तर, परवा माझ्या शेजारी बसून गेलात की शहरात! मांडीला मांडी लावून!"

"बसलो होतो," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पण मी होतो याची खूण माझ्या खिशात होती, तात्या. तुम्ही होता याची खूण साहेबांना दाखवा, म्हणजे मी माझे शब्द मागे घेतो."

तात्यांचा हात आपसूक बंडीच्या खिशाकडे गेला. तिथेच घुटमळला आणि रिकामा परत आला.

अधिकाऱ्याने फाइल मिटली. निर्णय लवकरच कळवू, असं म्हणून तो आल्या जीपने निघून गेला. गावाने गुरुजींशी एक शब्द न बोलता पाठ फिरवली. वृषाली मात्र त्यांच्या मागोमाग थेट ओसरीवर गेली.

"माझं कॉलेज बुडवलंत, गुरुजी."

"बस," ते म्हणाले.

"मी बसायला आले नाही."

"मग उभ्याने ऐक. तिकीट म्हणजे केवळ गाडीचं भाडं नाही, वृषाली. ती आपल्या असण्याची साक्ष आहे. गाडी कुठे थांबवायची, डबे किती जोडायचे, फलाटावर नळ बसवायचा की नाही, हे ठरवणारा माणूस दूर कुठेतरी बसलेला असतो. आपण आहोत हे त्याला दुसऱ्या कशाने कळणार? तिकीट न काढता बसलेला प्रत्येक जण त्याला रोज कळवत असतो की मी इथे नाही, मला गाडी नको. भाडं वाचलं म्हणून तो खूश असतो, आणि पलीकडे त्याचं नाव पुसलं जात असतं. गावाने जे इतकी वर्षं गुपचूप सांगितलं, तेच मी आज मोठ्याने म्हणालो. मी साहेबांपुढे हात जोडले असते, तर थांबा कदाचित त्यांच्या दयेवर राहिला असता. आणि उद्या सकाळी सगळे पुन्हा शेवटच्या डब्यात जाऊन बसले असते."

अशा कथा सहसा इथे संपतात. शिष्य नतमस्तक होतो, गुरू मंद हसतो आणि वाचणाऱ्याला बरं वाटतं. वृषालीला मात्र बरं वाटलं नाही.

"पटलं," ती म्हणाली. "प्रत्येक शब्द पटला. आता माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. हे सगळं तुम्हाला इतकं नेमकं ठाऊक होतं, तर आजवर एकदाही तोंड का उघडलं नाहीत? तात्या मला फलाटावर सगळ्यांदेखत बोलले, तेव्हा तुम्ही तिथेच होता. तुमच्या खिशात तिकीट होतं. तुम्ही चष्मा पुसत उभे राहिलात."

गुरुजींचा हात चष्म्याकडे गेला.

"स्वतःपुरतं तिकीट काढलंत, स्वतःपुरते स्वच्छ राहिलात आणि जाऊन त्यांच्याच शेजारी बसलात. गावाला धडा शिकवायचा होता, तर शिकवायला उभं आयुष्य होतं. नेमका आज मुहूर्त सापडला? चूक त्यांची, मौन तुमचं, आणि या धड्याची फी मी भरायची?"

आत चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला, तरी गुरुजी हलले नाहीत. मग म्हणाले, "याचं उत्तर माझ्याकडे नाही."

"मग?"

"मग चल." त्यांनी पायात चपला सरकवल्या. ज्याला काही विचारायचं असेल त्याने ओसरीवर यावं, असा त्यांचा जन्मभराचा शिरस्ता. त्या दिवशी तो त्यांनी मोडला.

मारुतीच्या पारावर गाव जमलेलंच होतं. गुरुजींना पाहून लोकांनी तोंडं फिरवली. तात्यांनी तेवढ्यात एक तोड काढली होती, आणि ती सगळ्यांना पसंतही पडली होती.

"रोजची शंभर तिकिटं गावफंडातून काढायची. बसा म्हणावं मोजत! कुणी गाडीत बसो न बसो, कागदावर गाव हाय म्हंजे हाय."

"म्हणजे आजवर असून नव्हतो," वृषाली म्हणाली, "आणि आता नसून असणार!"

"तू गप गं पोरी. मोठी माणसं बोलायलीत."

"तिला बोलू द्या, तात्या," गुरुजी म्हणाले. "ती आज जे बोलते आहे, ते मी पूर्वीच बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. तुमच्या चुकीत माझा वाटा आहे."

गुरुजींना कोणी कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. वृषालीने ती संधी सोडली नाही.

"जो बसेल तो तिकीट काढेल, एवढंच. खोटी तिकिटं नकोत. आणि त्याआधी साहेबांकडे जाऊन खरं सांगायचं. आम्ही रोज येत होतो, जात होतो, भाडं देत नव्हतो."

"अगं, गुन्हा कबूल करायचा?" लहानू घाबरून म्हणाला. "दंड करतील!"

"करू देत. दंड प्रवाशालाच होतो, लहानूकाका. नसलेल्या माणसाला कोण दंड करणार? एकदा दंड झाला, म्हणजे निदान आपण होतो हे तरी ठरेल."

तात्या जमिनीकडे पाहत राहिले. पणजोबांची जमीन, इज्जत, घरची गाडी, सगळं त्यांच्या ओठांवर आलं असावं. पण रिकामा निघालेला खिसा गावाने नुकताच पाहिला होता. शेवटी ते म्हणाले, "जायचं तर मीबी येतो. माझ्यामुळंच ही समदी शिकली."

थांबा राहिला की गेला, हे आधी सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. दंड झाला, कडक शब्दांत कानउघाडणी झाली आणि एका वर्षाची मुदत मिळाली. वृषालीचं तिसरं वर्ष त्या मुदतीत बसत होतं. त्यानंतर कॉलेजला जाऊ लागणाऱ्या मुलींचं काय, ते लहानूच्या खिडकीवर अवलंबून राहिलं. मला सांगायचं आहे ते साहेबांच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं निघाले: गुरुजी, वृषाली आणि तात्या. तिघांची तीन तिकिटं. शहराचं स्टेशन आलं तसे तात्या सवयीने उलट्या बाजूच्या दाराकडे वळले. फलाट नसलेल्या बाजूने खडीवर उतरायचं, रूळ ओलांडायचे आणि तुटक्या कुंपणातून बाहेर पडायचं, हाच त्यांचा आजवरचा रस्ता. वृषालीने त्यांचा दंड धरला.

"इकडून, तात्या."

ते फलाटावर उतरले आणि गोंधळून उभे राहिले. चाळीस वर्षं ते या स्टेशनावर येत होते, आणि बाहेर जायचं फाटक कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे.

"कुठून जात्यात गं?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने दाखवलं. गुरुजी मागे राहिले. पुढे ती आणि तिच्यामागे तात्या. फाटकावर एक माणूस लोकांची तिकिटं पाहत उभा होता. तात्यांनी दोन्ही हातांनी तिकीट पुढे धरलं. त्याने मान वर न करता ते पाहिलं आणि परत दिलं. तात्या तिथेच थांबले. इतकी वर्षं ज्याच्यावरून उभं गाव छाती काढून बोलत आलं होतं, ते इतक्यात आटोपलं यावर त्यांचा विश्वास बसेना.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच, आजोबा," तो माणूस म्हणाला. "व्हा पुढे. मागे माणसं उभी आहेत."