कुंभारणीचा कच्चा डोंगर

एकदा एका तरुणाने चांगली खुर्चीवरची नोकरी सोडली आणि तो एकट्यानेच संगणकावरचा खेळ घडवायला बसला. घरच्यांनी वर्षाची मुदत दिली होती. तिचे नऊ दिवस उरले होते. नवव्या दिवशी शहरात नव्या खेळांचे प्रदर्शन होते. तिथे एखाद्या प्रकाशकाने खेळ उचलला तर ठीक, नाहीतर पुन्हा खुर्ची.

खेळ असा, की एक कुंभारीण डोक्यावर मडके घेऊन डोंगर चढते. वरच्या बाणाचे बटण दाबले की ती चालते, डाव्या-उजव्या बाणांनी तोल सावरते. हा पाचवा कच्चा नमुना. कुंभारीण म्हणजे नुसता चौकोन, मडके म्हणजे गोल. पण ज्याला दाखवावा तो म्हणे, "वा, मजा आली." आता फक्त रंग भरायचे, असे ठरवून तरुण संगणक घेऊन बुवांच्या आशीर्वादाला गेला. बुवा म्हणजे लाकडी खेळणी करणारे वृद्ध. खेळ कसा घडवावा हे तो त्यांच्याकडेच शिकला होता. बुवांचे वय ऐंशी, खोड्या मात्र आठ वर्षांच्या.

"बुवा, सगळ्यांना जमतो. तुम्ही बसून बघा."

"मी कशाला? माझं मत मलाच पटत नाही."

त्यांनी शेजारची पिठाची गिरणी चालवणाऱ्या चंद्रभागाबाईंना हाक मारली. त्या माखलेल्या हातांनीच आल्या. तरुण रुमाल शोधू लागला, तेवढ्यात "आधी तोंड गोड कर, पंडित," म्हणत बुवांनी चिक्कीच्या गुळाचा लिंबाएवढा गोळा त्याच्या तोंडात कोंबला. दाताला दात चिकटले.

बाईंनी वरचा बाण दाबला. कुंभारीण दोन पावले चालली, मडके फुटले. पुन्हा दाबला, पुन्हा फुटले. तरुण हातवारे करू लागला, तसे बुवांनी त्याचे दोन्ही हात मोठ्या प्रेमाने धरून ठेवले.

"ह्याला काय होतंय?" बाईंनी विचारले.

"काही नाही. विद्वत्ता अडकलीय. तुम्ही खेळा."

बारा मडकी फुटली. "बुवा, हिच्यापेक्षा गाढव बरं चढेल. माझं दळण खोळंबलंय," म्हणत बाई निघून गेल्या.

तरुणाचा जबडा सुटला तेव्हा डोळ्यांत पाणी होते. "असं का केलंत? मी नुसतं 'तोल सांभाळा' म्हटलं असतं, तर त्या शिखरावर गेल्या असत्या."

बुवांनी बटणांकडे बोट दाखवले. वरचा बाण पिठाने पांढरा झाला होता. डावा-उजवा कोरे करकरीत.

"आणखी काही करता येतं, हेच त्यांना कळलं नाही. आजवर ज्यांना मजा आली, त्यांच्या पाठीशी तू उभा होतास. तुझा अर्धा खेळ यंत्रात आणि अर्धा जिभेवर. मी बाहुली विकतो, पण तिच्याबरोबर लोकांच्या घरी राहायला जात नाही. कच्चा नमुना कौतुकासाठी नसतो रे. तो फसावा, आणि फसताना आपण गप्प राहून पाहावं, म्हणून असतो. रंग भरले असतेस तरी मडकी तेवढीच फुटली असती; फक्त सुंदर फुटली असती."

त्याच दुपारी तरुणाने डोंगराच्या सहापैकी पाच टेकड्या काढून टाकल्या. पहिल्या पायरीवर कुंभारणीला चालताच येईना असे केले. मडके मात्र डुलत ठेवले, म्हणजे बोटाला दुसरे बटण शोधणे भाग पडे. सहावा नमुना टपालवाल्याला उमगला नाही. सातव्याने मुख्याध्यापकांना हरवले, याचे बुवांना फार सुख झाले. आठव्यात चंद्रभागाबाई टेकडी चढल्या, आणि गिरणीपुढे रांग लागली तरी उठेनात.

प्रदर्शनात एक प्रकाशकबाई त्या चौकोनी कुंभारणीपुढे बसल्या. "काय करायचं यात?"

तरुणाच्या ओठांवर चार वाक्ये आली. तो नुसता हसला.

तीन मडकी फुटली. चौथ्या वेळी बाईंचे बोट आपणहून उजवीकडे सरकले, मडके सावरले, आणि त्यांची स्वतःचीच पाठ ताठ झाली. टेकडीच्या माथ्यावर पोचून त्यांनी वळून पाहिले.

"उरलेला डोंगर कधी दाखवाल?"

आपण गप्प बसल्यावर जे बोलते, तेवढेच आपले काम. बाकी सारे आपले व्याख्यान.